तिळाएवढी फरशी

१

दुपारची दोन भांडी विसळून ठेवली की मी डोंबिवलीहून रिक्षाने ठाकुर्लीला जायचे. तिथे एका इमारतीच्या तळमजल्यावर, पिठाची गिरणी आणि कुरिअरवाला यांच्यामधल्या गाळ्यात, सर्वेशने आपला कारखाना मांडला होता. कारखाना म्हणजे गुळगुळीत काळी फरशी, दोन रुळांवर सरकणारी लोखंडी चौकट आणि चौकटीतून खाली लोंबणारा एक हात. हात म्हणजे तरी काय, मनगट, अंगठा आणि दोन बोटं. टोकांना रबर. उरलेल्या दोन बोटांचा खर्च सर्वेशने वाचवला होता. चिमटीला ती लागत नाहीत, हे त्याला मीच सांगितलं होतं.

सर्वेश माझा शाळेतला विद्यार्थी. चित्रकलेत अगदी ढ. आता इंजिनिअरिंग कॉलेजात रोबोटिक्स शिकवतो, त्यामुळे कलेवर भाषण द्यायचा हक्क त्याला आपोआप मिळाला आहे. त्याच्याबरोबर रसिका, कॉम्प्युटरला फोटो वाचायला शिकवणारी. ठाण्यात कला आणि विज्ञान असं काहीसं मोठं प्रदर्शन भरणार होतं. तिथे हे यंत्र लोकांसमोर माणसांच्या चेहऱ्यांच्या रांगोळ्या काढणार होतं, माझ्या हाताने. म्हणजे माझा हात त्याला शिकवून.

मी जन्मभर तेवढंच केलं. शाळेत चित्रकला आणि शाळेबाहेर रांगोळीतली माणसं. मग उजव्या हाताला कंप सुटला. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, हा थांबणार नाही, गोळ्यांनी जरा धाकात राहील एवढंच. तेव्हा सर्वेश वायरींचा हातमोजा घेऊन घरी आला. म्हणाला, "बाई, हात आहे तोवर मला द्या."

मी दिला. कलेसाठी वगैरे नाही. माझा मुलगा उत्तम बडोद्याला नोकरीला म्हणून गेला आणि तिथून नाहीसा झाला. फोन बंद, कंपनी म्हणे कधीच सोडून गेला, पोलिसांत तक्रार पडून आहे. दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला मी घरात त्याचा चेहरा काढते. या वर्षी काढला तो दुसऱ्याच कुणाचा तरी झाला. पुसला, परत काढला, परत तोच परका माणूस. त्या दिवशी मी जेवले नाही. हातमोजा घालायला मी का तयार झाले, ते एवढंच.

२

मला रांगोळी शिकवली टेंभी नाक्याच्या बाबुरावांनी. तुसडा माणूस. त्यांचे नियम थोडे, पण मोडायची सोय नाही. जिवंत माणसाचा चेहरा काढताना उजव्या कानाच्या पाळीखाली तिळाएवढी फरशी मोकळी सोडायची. गेलेल्या माणसाचा चेहरा पूर्ण भरायचा. आणि पुसताना, जिवंताचा आपण पुसायचा, गेलेल्याचा त्याच्या घरच्यांनी. का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. "चाळणी दे इकडे," एवढंच उत्तर मिळालं. पुढे मीही कधी कुणाला सांगितलं नाही. हाताला वळण पडलं होतं, तोंडाचं काम नव्हतं.

हातमोजा घालून मी जी चित्रं काढली ती सगळी जिवंत माणसांची. सर्वेश, रसिका, गिरणीवाला, कुरिअरची पोरं, जो समोर बसेल तो. कंप जेवढा होता तेवढा रसिकाने आकड्यांतून गाळून टाकला. मग एक दिवस यंत्र सुरू झालं आणि मी खुर्चीत बसून माझाच हात बघितला. चिमूट सोडली की मी बोटं दोनदा एकमेकांवर आपटते, उरलीसुरली पूड झडावी म्हणून. ते रबरही आपटलं. टक टक. सर्वेशने टाळ्या वाजवल्या. मला त्या हाताचा राग आला. मत्सरही वाटला, लपवायचं काय त्यात.

चित्र होतं सर्वेशचंच. मी वाकून बघितलं. कान भरलेला होता.

"इथे जागा होती," मी म्हटलं.

"हो ना, बाई. तुमच्या प्रत्येक चित्रात नेमका इथेच डेटा गळत होता. सेन्सर सुटत असणार. मी प्रोग्राममध्ये भरून टाकला." तो खुशीत होता.

मी त्याला वर्गात बोलायचे तशी बोलले. शेजारची गिरणी बंद झाली एवढा आवाज माझा चढला. बिचारा कावराबावरा झाला. शेवटी नियम सांगावाच लागला. रसिका हसली नाही, उलट तिला तो फार आवडला, तिने प्रदर्शनाच्या माहितीफलकावर टाकायचंही ठरवून टाकलं. सर्वेशने आपली दुरुस्ती काढली.

"आता सगळ्यांच्याच कानाखाली जागा सुटेल. खूश?"

"जिवंतांच्या."

"बाई, त्याला जिवंत काय आणि मेलेला काय. त्याला फक्त जागा सोडणं माहितीये."

बरोबर होतं त्याचं. मेलेल्या माणसाचं चित्र त्या हाताने माझ्याकडून एकदाही पाहिलं नव्हतं.

३

रसिकाने तिच्या आजीचा फोटो दिला. शेवंतीआजी कुठल्याशा लग्नात, अबोली साडी, तोंडात घास, हसतेय. फोनवर काढलेला ताजा रंगीत फोटो. यंत्राने दीड-दोन तास घेतले. गालावरच्या सुरकुत्या अशा उतरल्या की मलाही तोंडभरून कौतुक करावं लागलं. हात कानाशी आला, पाळी काढली आणि थेट पुढे गेला. टक टक.

"अरे, जागा नाही सुटली," सर्वेश म्हणाला. "बाई, ओरडू नका, बघतो मी."

रसिका फरशीजवळ उकिडवी बसली होती. "आजी दिवाळीत गेली," ती म्हणाली. "मी बोललेले नाही का तुम्हाला?"

ती बोलली नव्हती. सर्वेशने बोटांची रबरं बदलली, कॅमेरा पुसला, दमटपणाने पूड जास्त पडली असेल म्हणाला. मीही मान डोलावली. मी काही भोळी नाही. घरात देव आहेत, पण मांजर आडवं गेलं म्हणून कधी परतले नाही. शंभरदा जागा सुटणार तर एकदा भरणारच.

पण पुढच्या आठवड्यात सर्वेशने हट्टाने कॉलेजातल्या लोकांकडून फोटो गोळा केले. नावं नकोत, माहिती नको, नुसते चेहरे. एकेक चित्र झालं की तो फोटो देणाऱ्याला फोन लावायचा. आधी मोठ्याने बोलायचा. मग बाहेर जाऊन बोलायला लागला. परत येऊन पाणी प्यायचा, आणि आम्ही समजायचो, यंत्राचं याही वेळी बरोबर निघालं.

"काहीतरी कारण असणार, बाई," तो मला समजावायचा, खरं तर स्वतःला. "फोटोत काहीतरी असतं. डोळे, उजेड. आपल्याला दिसत नाही, त्याला दिसतं."

"हसणाऱ्या बाईच्या फोटोत?" रसिकाने विचारलं. त्याने पुढचा फोटो लावला.

४

गाळ्याचे मालक महिपतशेठ. भाडं मागायला यायचे आणि यंत्र बघत उभे राहायचे. त्यांच्या ऑफिसात भिंतीवर भावाचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला, समोर लाल दिवा. एकदा म्हणाले, "आमच्या भावाचं काढा की. वहिनीला बघून बरं वाटेल."

सर्वेशला हर्ष झाला. हार काढून फोटो आणला आणि यंत्राला दिला. या वेळी काय होणार ते आम्हाला माहीत होतं, त्यामुळे प्रथमच आम्ही निवांत होतो. वडे मागवले. सर्वेश हात पुसत उठला आणि फरशीकडे बघून थबकला.

उजव्या कानाच्या पाळीखाली काळी फरशी दिसत होती. तिळाएवढी.

"चुकलं!" तो ओरडला. इतका आनंद मी त्याला दहावी पास झाल्यावरही झालेला पाहिला नव्हता. "बाई, चुकलं! म्हणजे नुसता योगायोग!"

मीही हसले. मोठा श्वास घेतला. महिपतशेठ आत आले, आम्ही त्यांना सगळी गंमत सांगितली. नियम, शेवंतीआजी, आणि यंत्र तुमच्या भावाला जिवंत समजतंय, असं.

शेठ हसले नाहीत. त्यांनी आधी गाळ्याचं शटर खाली ओढलं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" ते म्हणाले.

"काय?"

"कल्याणला असतो तो. दुसरा संसार आहे, दोन पोरं आहेत. आमच्यासाठी मेलाय तो. वहिनीने स्वतः हार घातलाय." त्यांचा आवाज खाली आला. "ताई, हे बाहेर जाता कामा नये. गावाला आम्ही याचं सगळं केलेलं आहे."

वडे तसेच राहिले. शेठ गेल्यावर सर्वेशने यंत्राची वायर काढली आणि ती हातात धरून तो बसला. मी त्याच्याकडे बघत नव्हते. मला एकच गोष्ट सुचत होती, आणि ती त्यालाही सुचली असणार, कारण तो माझी नजर चुकवत होता.

५

घरी दिराचा फोन. तानाजी ठाण्याला राहतो, माणूस वाईट नाही, फक्त त्याला सगळं वेळच्या वेळी उरकायला आवडतं.

"वहिनी, उत्तमचं काहीतरी ठरवूया आता. गुरुजींशी बोललोय मी. एवढी वर्षं पत्ता नाही, तर पुतळा करून विधी करता येतो. त्याच्या जिवाला पण शांती."

"तो मेलाय असं कोणी सांगितलं?"

"जिवंत असता तर एक फोन नसता केला आईला?"

जिवंत असता तर त्याने फोन केला असता, आणि मेला असेल तर मला कळलं असतं, या दोन वाक्यांच्या मध्ये मी राहत होते. स्वयंपाक करत होते, भाजी आणत होते, लाइटबिल भरत होते. आत कुठे तरी एक सोयही होती. मेला असेल, तर त्याने मला टाकलेलं नाही. असं वाटायचं आणि मग स्वतःचीच शिसारी यायची.

त्याचे वडील गेले तेव्हा मी त्यांचा चेहरा काढला होता, पूर्ण भरलेला. तेराव्यानंतर तो उत्तमने पुसला, घरचा म्हणून. पुसायला त्याने बराच वेळ लावला. हात धुऊन आला आणि म्हणाला, "आई, तुला माणसं जमिनीवर काढलेलीच आवडतात." मी म्हटलं, तुझा चहा गार होतोय. पुढच्या महिन्यात तो बडोद्याला गेला.

कपाटातून त्याचा फोटो काढला. कॉलेजातला, केस कपाळावर आलेले. पर्समध्ये ठेवताना माझी बोटं चेनवर कितीदा तरी घसरली.

६

"नाही, बाई," सर्वेश म्हणाला. "मशीन आहे ते. मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, तुम्ही कशाला ठेवता?"

"मग काढून बघायला काय जातंय?"

"काकू, समजा भरलं तर?" रसिकाने माझा हात धरला. तिच्या हातात तो थरथरत राहिला.

"तर तानाजीला फोन करेन. विधी आहे म्हणे."

त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी बाई होते त्याची. त्याने फोटो घेतला.

भर दुपार होती. शटर अर्धं वर, बाहेर उन्हात एक कुत्रं झोपलेलं. गिरणी जेवायला बंद होती, त्यामुळे आवाज तेवढा रुळांचा. सर्र, थांबणं, मग पुडीचा कानाला जेमतेम लागणारा आवाज, मग टक टक. केस आले. कपाळ आलं. भुवई आली, डावीकडची मधोमध तुटलेली, लहानपणी झोपाळ्यावरून पडला होता तेव्हाची. ती फोटोत इतकी स्पष्ट नव्हती. मी स्वतःला सांगितलं, असेल, मला दिसत नसेल, चष्म्याचा नंबर वाढलाय.

डोळे आले तेव्हा मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. माझ्या मुलाने माझ्याकडे बघितलं. या वर्षी मला जमला नव्हता तो हाच चेहरा.

हात उजव्या कानाशी गेला. पाळीची कड आली. मग थांबला. याआधी तो तिथे कधी थांबला नव्हता. चिमूट भरलेली, बोटं जुळलेली, आणि खाली मोकळी फरशी. रसिका पुटपुटायला लागली, कुठल्या तरी देवाचं नाव घेत असावी.

हात उचलला गेला आणि पुढे मानेवर आला. पाळीखालची जागा सोडून.

रसिकाने मला मिठी मारली. सर्वेश रडला चक्क, एवढा मोठा प्रोफेसर. मीही रडले. जिवंत आहे. कुठे तरी जेवतोय, झोपतोय, कुणाशी तरी भांडतोय. जिवंत आहे माझा उत्तम!

आणि मग, मिठी सुटायच्या आतच, दुसरी गोष्ट आली. जिवंत आहे. हात आहेत, फोन आहे, माझा नंबर बदललेला नाही, पत्ताही नाही. म्हणजे मुद्दाम. इतकी वर्षं, रोज, ठरवून. महिपतशेठचा भाऊ कल्याणला होता, तसा माझाही कुठे तरी आहे, आणि तिथे एखाद्या भिंतीवर हार मला घातलेला असेल. मी डोळे पुसले. तो मेला असता तर मी अजून त्याची आई असते, असं मनात आलं. आलं ते आलं.

७

टक टक.

चित्र पूर्ण झालं की हात सरकून कोपऱ्यातल्या आपल्या जागेवर जातो. तो गेला नाही. चौकट डावीकडे सरकली, उत्तमच्या शेजारच्या मोकळ्या फरशीवर थांबली आणि हाताने पांढरी चिमूट उचलली.

"दुसरा फोटो दिलास?" मी विचारलं.

"नाही, बाई." सर्वेश स्क्रीनकडे बघत होता. "काहीच दिलेलं नाही."

पहिली रेघ सरळ नव्हती. बारीक बारीक दाते पडलेली. दुसरीही तशीच. बोटांची रबरं एकमेकांवर थडथडत होती.

"हा कंप मी गाळून टाकलाय," रसिका म्हणाली. "काकू, खरंच, माझ्याकडे आता तो आकडाच नाहीये."

विरळ केस आले. चष्म्याची दांडी आली. मला कळायला वेळ लागला, कारण असा चेहरा मी आरशात पाहिलेला नाही. हनुवटी मोठी, नाकपुड्या रुंद, डोळे खाली वळलेले, तोंड किंचित उघडं. रांगोळी काढताना मी तोंड उघडं ठेवते, आमचे हे चिडवायचे मला त्यावरून.

"वरचा कॅमेरा चालू आहे," सर्वेश घाईघाईने म्हणाला. "त्याने टिपलं असेल तुम्हाला."

"अरे, वरच्या कॅमेऱ्याला माझा भांग दिसेल. हनुवटी खालून कशी दिसेल?"

त्याने मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितलं. जन्मभर फरशीला मी जशी दिसत आले, तशीच मी तिथे उतरत होते.

हात कानाशी आला तेव्हा मी बघायचं नाही ठरवलं. तरी बघितलं. पाळी आली. तो थांबला नाही, खालची जागा भरत पुढे गेला. टक टक. मग चौकट सर्र करत कोपऱ्यात गेली आणि सर्वेशने लाल बटण दाबलं, दाबायची गरज उरली नव्हती तेव्हा.

बाहेर गिरणी सुरू झाली. रसिका माझ्याकडे बघत होती, चेहऱ्याकडे नाही, मांडीकडे. मी खाली बघितलं. माझा उजवा हात मांडीवर पडला होता. हलत नव्हता. मी तो उचलला, समोर धरला. बोटं पसरली. एकही बोट थरथरलं नाही.

"पुसून टाकतो," सर्वेश म्हणाला आणि झाडूकडे धावला.

"थांब." मी उठले, उत्तमच्या चेहऱ्याशी बसले आणि तो तळहाताने पुसला. जिवंताचा पुसणं माझं काम. गाल, डोळे, तुटकी भुवई. हात कसा अगदी मी शाळेत शिकवत होते तेव्हासारखा चालला.

"आता हे," सर्वेश म्हणाला.

"याला हात लावू नकोस. हा घरच्यांनी पुसायचा असतो."

"घरी कोण आहे तुमच्या?"

"एक मुलगा आहे," मी म्हटलं.

या सगळ्याला आता बरेच दिवस झाले. प्रदर्शन सर्वेशच्या यंत्राशिवाय झालं. गाळ्याचं शटर खाली आहे, किल्ली माझ्याकडे. गिरणी दिवसभर धडधडते, पण मधूनमधून जाऊन मी बघते, एक कण हललेला नाही. नौपाड्याचे डॉक्टर माझा हात बघून चाट पडले, गोळ्या बदलल्याचं श्रेय त्यांनी घेतलं. मी चहाचा कप काठोकाठ भरते आणि थेंब न सांडता खिडकीपर्यंत नेते. भूक मात्र लागत नाही, आणि रिक्षावाले हल्ली दोन-तीन हाका मारल्याशिवाय थांबत नाहीत. वय झालं की असं होतं, असं मी धरून चालते.

तानाजीला सांगितलं, विधी नको, उत्तम जिवंत आहे. मग पोलिसांच्या तक्रारीत, बडोद्याच्या जुन्या पत्त्यावर, त्याच्या मित्रांकडे, सगळीकडे एकच निरोप ठेवला. आई गेली, ठाकुर्लीला येऊन पुसून जा.

जिवंत आईसाठी नाही आला. यासाठी तरी येईल.